सहाव्या पिढीचा लॅपटॉप

सुभद्राबाईंनी देवाकडे आजवर पुष्कळ काही मागितले होते. पण स्वतःच्याच घरातली वस्तू निकामी निघावी, असे मागणे त्यांनी त्या बुधवारी प्रथमच मागितले. वस्तू म्हणजे दौलतरावांच्या वेळचा काळा लॅपटॉप. जुन्या सुती साडीच्या घडीत गुंडाळून त्यांनी तो पिशवीत घातला, पिशवी उराशी धरली आणि कुरुळी गावातल्या आपल्या घरातून त्या बाहेर पडल्या. शेजारची सोजरबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"कुठं निघाल्या सकाळच्या पारी?"

"फारूककडे."

"त्या डब्याला काय झालं आता?"

"काय झालं तेच त्याला विचारायला चालले आहे."

"म्या येऊ का संगट? अजून पायात बळ न्हाई तुमच्या."

"माझे पाय मला विचारून चालतात, सोजर. तू तांदूळ निवड."

सोजरबाईने मान खाली घातली. दोन महिन्यांपूर्वी डेंग्यूने सुभद्राबाईंना चाकणच्या इस्पितळात चार दिवस झोपवले, तेव्हा उशाशी तीच बसली होती, आणि ही गोष्ट कोणाच्या कानावर गेली तर माझ्या दारात पाऊल टाकायचे नाही, ही ताकीदही तिलाच मिळाली होती.

दौलतराव होते तेव्हा चाकणच्या रस्त्याला त्यांचा कारखाना होता. मोठ्या कंपन्यांत यंत्रावर सुटा भाग घट्ट धरून ठेवायला ज्या पकडी लागतात, त्या तिथे बनत. अठरा कामगार होते आणि हत्यारांच्या कोठीची किल्ली सुभद्राबाईंच्या कमरेला असे. कोणते हत्यार कोणी नेले, कोणी परत आणले, हे त्यांना तोंडपाठ असायचे. धार घालवून कटर परत करणाऱ्याला त्या आवाज न चढवता एवढेच विचारीत, "हा तुझ्या घरचा विळा असता तर असाच ठेवला असतास का?" त्या माणसाच्या हातून पुन्हा कधी कटर बोथट होत नसे. चार वर्षांपूर्वी दौलतराव गेले. यंत्रे विकली गेली, जागा भाड्याने गेली. राहिली ती मापे घ्यायची एक व्हर्नियर पट्टी आणि हा लॅपटॉप, ज्यावर दौलतराव कंपनीकडून आलेली रेखाचित्रे उघडून बघत.

आता त्यावर फक्त गणराज दिसे.

गणराज त्यांचा एकुलता एक मुलगा. जर्मनीत स्टुटगार्टला गाड्यांच्या कंपनीत नोकरीला. पत्नी तनुजा आणि सहा वर्षांची दिव्या त्याच्याबरोबर. दर रविवारी दुपारी तीन वाजता, त्यांच्याकडे नुकतीच न्याहारी झालेली असताना, तो आईला लॅपटॉपवर फोन लावी. मोबाइलवर हे सगळे होते, हे सुभद्राबाईंना ठाऊक होते. पण तळहाताएवढ्या काचेत नात बघायची हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता आणि तो बोलण्यापुरताच होता.

रविवारचा फोन पूर्वी तासभर चाले. दिव्या चित्रे आणून दाखवी, शाळेतली गाणी म्हणे. दसऱ्यानंतर मात्र तो तास आटत गेला. आधी अर्धा तास, मग पाव तास, आणि आता दहा मिनिटेही जड जात. दिव्या पडद्यासमोर येईनाशी झाली. गणराज बोले, पण त्याची नजर दुसरीकडेच कुठेतरी असे. "कशी आहेस आई? छान दिसतेस," एवढे तो न चुकता म्हणे, आणि मग दोघांमध्ये बोलण्यासारखे काही उरत नसे.

कार्तिकातल्या एका शनिवारी सुभद्राबाई इस्पितळातून घरी आल्या आणि रविवारी दुपारी तीन वाजता पडद्यासमोर बसल्या. सलाइनची सुई काढलेल्या जागी हाताच्या पाठीवर पट्टी होती, गाल बसले होते, डोळ्यांखाली काळे उतरले होते. आपण आजारी होतो हे त्या सांगणार नव्हत्या. आईचे दुखणे मुलाला सांगावे लागत नाही, ते त्याला तोंडावरून कळते, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी पट्टीचा हात मुद्दाम वर घेऊन पदर सारखा केला.

"छान दिसतेस आई," गणराज म्हणाला.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

तेव्हापासून एक शंका त्यांच्या मनात कुसळासारखी रुतून बसली होती. मुलगा आपल्याकडे बघत नाही, की त्याला आपण नीट दिसतच नाही? लॅपटॉप सुरू केला की हल्ली एक सूचना येई: या प्रणालीचा आधार संपला आहे, नवी प्रणाली घ्या. ती त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली आणि तिच्याच आधाराने मनाची समजूत घातली. प्रणाली जुनी, तर इथून जाणारे चित्रही अंधुक, विटके जात असेल. त्यात गाल बसलेले दिसणार कसे, पट्टी दिसणार कशी? दोष यंत्राचा असेल तर गणराज सुटला. पण फारूकने जर म्हटले, की यंत्र ठणठणीत आहे, काही झालेले नाही, तर मग दोष कोणाचा, हे त्यांना कोणाला विचारावे लागणार नव्हते. म्हणून ते मागणे.

फारूकचे दुरुस्तीचे दुकान फाट्यावर, पंक्चरवाल्याच्या टपरीला लागून. समोरून नव्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर सारखे जात आणि दुकानाची काच थरथरे. गल्ल्यावर त्याची बायको ताजुन्निसा बसली होती. झेरॉक्स आणि रिचार्ज तिच्याकडे.

"या काकू, या. ताज, खुर्ची दे," फारूक उठून म्हणाला.

"खुर्ची राहू दे. आधी हे बघ. अकरा नंबरचं विंडोज याला पेलेल का, तेवढं सांग. पेलत नसेल तर तसं सांग. मला वाईट वाटेल म्हणून गोड बोलू नकोस."

"तुमच्याशी गोड बोलायची हिंमत आहे कोणाची?" ताजुन्निसा खुर्ची सरकवत म्हणाली. "हे तर तुम्ही दिसलात की आधी शर्टाची गुंडी लावतात."

सुभद्राबाई बसल्या. फारूकने घडी सोडून लॅपटॉप बाहेर काढला, तो सुरू होईपर्यंत दोन फोन घेतले, मग एकामागून एक खिडक्या उघडत तो वाचू लागला.

"सोळा सालचा दिसतोय."

"सतराच्या पाडव्याला घेतला."

"घेतला पाडव्याला, पण बनला सोळाला. प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे काकू. अकराला कमीत कमी आठवी पिढी लागते."

"म्हणजे दोन पिढ्यांनी कमी पडला."

"हो. आणि सुरक्षेची एक चिप लागते, ती याच्यात जुन्या नमुन्याची आहे. रॅम चार. अकराला चार चालते असं लिहितात, पण चालते म्हणजे काय, हायवेवर बैलगाडीही चालतेच की."

"म्हणजे हा निकामी आहे," सुभद्राबाई म्हणाल्या. आपल्या स्वरातला सुटकेचा सुस्कारा त्यांना स्वतःला ऐकू आला. फारूकला मात्र तो दुःखाचा वाटला.

"निकामी कुठे म्हटलं मी? जबरदस्तीने, चोरवाटेने अकरा घालून देणारे भोसरीत पायलीला पन्नास मिळतील. मी घालणार नाही. उठायला दहा मिनिटं घेईल, बसायला दहा, आणि पुढे कधी अडेल त्याचा भरवसा नाही. त्यापेक्षा आहे त्या विंडोज दहाला ऑक्टोबरपर्यंत जादा मुदत मिळते, ती नोंदवून देतो. जुनी हार्डडिस्क काढून नवी एसएसडी टाकू, पळायला लागेल. बोलणं, बघणं, सगळं मजेत होईल."

"होईल म्हणजे? आता होत नाही, ते तेव्हा होईल?"

"आता काय होत नाही?"

सुभद्राबाईंनी रस्त्याकडे पाहिले. घरातली गोष्ट दुकानात काढायची नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम होता. पण पुढचे विचारायचे तर तो मोडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

"रविवारी गणराजशी बोलते मी यावर. पूर्वी तासभर बोलायचा, आता दहा मिनिटं. मला वाटतं, इथून माझं चित्र धड जात नसावं. प्रणाली जुनी, म्हणून."

"त्याचा नि अकराचा काही संबंध नाही काकू. दहावर सगळं दिसतं. थांबा, आत्ता बघू." त्याने लॅपटॉपवरून ताजुन्निसाच्याच मोबाइलला फोन लावला. ती मोबाइल घेऊन झेरॉक्सच्या यंत्रामागे गेली. लॅपटॉपच्या पडद्यावर तिचा चेहरा स्वच्छ दिसू लागला, नाकातल्या चमकीसकट.

"ताज, काकू दिसतात का?"

"आवाज येतोय. काकू कुठायत? नुसतं काळं-तांबडं आहे सगळं."

फारूकने लॅपटॉप उजेडाकडे कलता केला. पडद्याच्या वरच्या काठाशी तोंड नेऊन त्याने बराच वेळ निरखले. मग बोट जवळ नेले, पण टेकवले नाही.

"काकू, हे काय लावलंय?"

"कुंकू," सुभद्राबाई म्हणाल्या. "खंडेनवमीचं."

कारखाना होता तोवर दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी यंत्रे बंद राहत, धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा पडत, आणि लेथपासून पान्यापर्यंत प्रत्येकाला सुभद्राबाई स्वतःच्या हाताने हळदकुंकू लावीत. दौलतराव गेल्यावर घरात हत्यार म्हणावे असे जे दोन जिन्नस उरले, त्यांची पूजा त्यांनी सोडली नव्हती. दरवर्षी लॅपटॉपच्या झाकणावर कुंकू लावीत. यंदा पाटावर तो मांडताना त्यांच्या मनात आले, की पाठीची पूजा कशाला, पूजा तोंडाची करावी. म्हणून झाकण उघडले आणि माणसाच्या कपाळाची जागा जिथे असते तिथे, वरच्या काठाच्या अगदी मध्यावर, खोबरेल तेलात कालवलेल्या कुंकवाचे ठसठशीत बोट टेकवले. तिथे बारीक काळा ठिपका होता. तो यंत्राचा डोळा आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आणि पूजेचे कुंकू पुसायचे नसते, ते आपोआप झडू द्यायचे असते.

बोलताना आपले चित्र कोपऱ्यात दिसते, ते त्यांना दिसले असते तर हे पहिल्याच रविवारी उमगले असते. पण दोन वर्षांपूर्वी तनुजा आली होती, तेव्हा ते चित्र त्यांनीच तिला काढून टाकायला लावले होते. मुलाशी बोलताना दर क्षणी स्वतःचे उघडे कपाळ बघायची त्यांना हौस नव्हती.

ताजुन्निसा झेरॉक्सच्या यंत्रामागून बाहेर आली. "मग गणराजभाऊ बोलले नाहीत? इतके दिवस?"

"बोलला होता," सुभद्राबाई हळू म्हणाल्या.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारीच बोलला होता. "आई, तू दिसत नाहीस गं. लॅपटॉप जुना झालाय, आता नवा घेऊ." त्याआधी वर्षभर तो नव्याचे टुमणे लावून होता, म्हणून त्यांना वाटले, त्याचाच हा नवा बहाणा. त्या म्हणाल्या होत्या, "मी इथेच बसले आहे. ज्याला बघायचं असतं त्याला दिसते. वस्तू जुनी झाली की दिसेनाशी होते, ही तुमची रीत. माझ्या घरात ती चालायची नाही." आणि त्यांनी झाकण लावले होते, मुलाच्या तोंडावर. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "दिसतेस आई. छान दिसतेस." त्या जिंकल्या होत्या. आपला शब्द खाली पडला नाही, याचे समाधान त्यांना आठवडाभर पुरले होते.

फारूकने मऊ फडके घेतले, बाटलीतल्या द्रवाने त्याचे टोक ओले केले आणि तो थांबला.

"काकू, पूजेचं आहे. माझा हात लावू? तुम्ही म्हणाल तसं."

"थांब."

दौलतराव गेले त्या दिवशी जाऊबाईंनी ओल्या पदराच्या टोकाने सुभद्राबाईंचे कपाळ पुसले होते. पुसताना जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले होते. सुभद्राबाईंनी मिटले नव्हते.

"बाहेरून लावायचा वेगळा कॅमेरा मिळतो," ताजुन्निसा म्हणाली. "ते कुंकू आहे तसं राहू द्या ना. वरून चिमट्यासारखा बसतो तो."

"मागवून देतो, दोन दिवसांत येईल," फारूकही म्हणाला.

"मुदत तेवढी आत्ता नोंदवून दे," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि ते झाल्यावर त्यांनी लॅपटॉप साडीच्या घडीत पुन्हा गुंडाळला. "बाकीचं विचार करून सांगते." दाराशी पोहोचल्यावर त्या वळल्या. "त्या बाटलीतलं थोडं दे."

रविवारला चार दिवस होते. पुन्हा पुन्हा आठवण्याजोगे इतके काही सापडले, की तेवढेही त्यांना पुरले नाहीत.

मागणे फळले होते; दोष यंत्राकडे गेला होता, निदान यंत्राच्या डोळ्याकडे. मुलाने पट्टी बघून न बघितल्यासारखे केले नव्हते. पण तो दिलासा हातात धरावा तर उलटून दुसरीच बाजू समोर येई. दिवाळीतल्या रविवारी त्यांनी हिरवी पैठणी नेसली होती, गणराजला आवडायची म्हणून, आणि उभे राहून पदर पसरून दाखवली होती. "छान आहे आई." तुळशीच्या लग्नाचा ऊस दाखवला. "छान." संक्रांतीला दिव्यासाठी साखरेच्या हलव्याचे दागिने स्वतः करून, हार, बिंदी, बांगड्या, एकेक उचलून पडद्यासमोर धरले. "छान केलेत, छान." सोळा रविवार त्या एका भिंतीला नटूनथटून काही ना काही दाखवत आल्या होत्या आणि भिंत अदबीने छान म्हणत आली होती. खोटे बोलायला त्याला शिकवले कोणी, हा प्रश्न त्यांनी मोठ्या तोऱ्याने स्वतःला विचारला, आणि उत्तर समोर दिसताच पुन्हा विचारला नाही.

शुक्रवारी दुपारी, तूप कढवताना, आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि त्यांच्या हातातला चमचा थांबला. सोळा रविवार तोही एका काळ्या चौकोनाशीच बोलत होता. त्यांना निदान त्याचे तोंड तरी दिसत होते.

शनिवारी त्यांनी आरशाच्या कपाटाचे दार उघडले. केस विरळ होऊन भांग रुंदावला होता, मानेच्या शिरा वर आल्या होत्या. कोठीची किल्ली कमरेला असणारी बाई त्यात कुठे सापडेना. ठिपका आहे तसा राहू दिला, तर गणराजच्या मनातली आई गेल्या दसऱ्याची, भरल्या अंगाची, तशीच राहणार होती. वेगळा कॅमेरा लावला तरी आरशातले हे रूप उघडे पडणार. खरी अडचण कुंकवाची नव्हती. कुंकवाआड त्यांना बरे वाटू लागले होते, हे त्यांनी शनिवारी, आरशासमोर, स्वतःपुरते कबूल केले.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी पाट मांडला, त्यावर लॅपटॉप उघडून ठेवला, हात धुतले. सोजरबाई खरकटे उचलायला आली होती. ती उंबऱ्याशीच थबकली.

"आता कसली पूजा?"

"पूजा नाही. उत्तरपूजा राहिली होती."

त्यांनी अक्षता वाहिल्या आणि देवाला निरोप देतानाचे जे शब्द सासूबाईंनी शिकवले होते ते म्हटले. मग कापसाचा बोळा फारूकच्या बाटलीत बुडवला.

"म्या पुसू का?" सोजरबाई चाचरत म्हणाली. "तुमी कशापायी..."

"नको. माझं दुसऱ्यांनी पुसलं. हे मी पुसते."

तेलातले कुंकू सुकून घट्ट बसले होते. एका हाताने काठ धरून, एका जागी बोळा फिरवत, त्यांनी ते सुटे केले. आधी फिका लाल डाग उरला, मग तोही निघाला, आणि मागे काळ्या मण्याएवढा डोळा चकाकला. बोळा त्यांनी तुळशीच्या मुळाशी पुरला.

तीन वाजून दोन मिनिटांनी फोन आला.

गणराजच्या हातात कॉफीचा मग होता. सवयीप्रमाणे तो शेजारच्या दुसऱ्या पडद्याकडे बघत होता. त्याचा उजेड त्याच्या गालावर हलत होता. "हं आई. कशी आहेस? छान दिस..."

मग तो समोर बघत राहिला. हातातला कॉफीचा मग खाली ठेवताना त्याला टेबलाची कड सापडेना.

"आई."

"हो."

"काय झालं तुला?"

"डेंग्यू. कार्तिकात. आता बरी आहे."

"कार्तिकात? म्हणजे नोव्हेंबरमध्ये? आणि तू मला..."

"तुला तोंडावरून कळेल असं वाटलं."

एवढे बोलून, दोष त्याच्यावर ठेवून, त्यांना थांबता आले असते. चार दिवसांत जुळवून ठेवलेली वाक्ये जिभेच्या टोकावर होती. त्यांतले कुठलेही एक त्याला टोचायला पुरले असते. गणराजचा चेहरा लहानपणी ताप चढे तेव्हा व्हायचा तसा झाला होता.

"मला दिसत नव्हतं आई," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. बुधवारी कळलं. खंडेनवमीचं कुंकू कॅमेऱ्यावर बसलं होतं."

"कुंकू?" तो जरासा हसला आणि ते हसू त्याने लगेच आवरले. "मी सांगितलं होतं तुला. एकदा."

"सांगितलं होतंस. मी झाकण लावलं होतं."

"मला वाटलं, कॅमेरा तूच मुद्दाम बंद ठेवला आहेस. माझं तोंड बघायचं आणि स्वतःचं दाखवायचं नाही. मी येत नाही म्हणून शिक्षा."

"शिक्षा करायची असती तर तुला कळेल अशी केली असती. चोरून शिक्षा करणारी मी नव्हे."

"ते मात्र खरं."

"पण दिसतेस, दिसतेस म्हणून कशाला सांगत होतास?"

त्याने कॉफीच्या मगाच्या कानावरून अंगठा फिरवला. "नाही म्हटलं असतं तर पुन्हा झाकण लावलं असतंस."

सुभद्राबाईंनी लॅपटॉपचे झाकण बोटाने आणखी थोडे मागे सारले.

"दिव्याला काय सांगत होतास?" त्यांनी विचारले.

"ती विचारायची, आजी अंधारात का बसते. नंतर नंतर यायलाच तयार होईना. घाबरायची त्या काळ्या चौकोनाला." तो पुढे झुकला. "हे बघ, मी आजच नवा लॅपटॉप मागवतो. मंगळवारी घरी येईल. आता नाही म्हणू नकोस."

"फारूकला दाखवला मी हा. याला अकरा पेलत नाही म्हणाला. सहाव्या पिढीचा आहे, आठवी लागते. ऑक्टोबरपर्यंत मुदत काढून दिली आहे त्याने."

"तेच तर मी वर्षभर..."

"मागवू नकोस," सुभद्राबाई म्हणाल्या. पुढचे दोन शब्द त्यांनी त्याला तो घर सोडून गेला तेव्हा म्हटले नव्हते, बाप गेल्यावर म्हटले नव्हते, इस्पितळाच्या खाटेवर म्हटले नव्हते. "घेऊन ये."

गणराजने ते ऐकले. त्याची नजर भिंतीवर कुठेतरी गेली, तिथे कॅलेंडर असावे. "मार्चपर्यंत इथलं काम सुटत नाही. एप्रिलमध्ये दिव्याच्या शाळेला सुट्टी आहे, पण तेव्हा तनुजाचं..." तो थांबला. "बघतो आई. खरंच बघतो."

"बघ."

"दिव्याला बोलावतो. तू थांब हं. जाऊ नकोस."

तो उठून गेला. पडद्यावर त्याची रिकामी खुर्ची राहिली, कॉफीचा अर्धा मग, आणि मागचे उघडे दार. दारापलीकडून आवाज येत होते. दिव्या तिकडच्या भाषेत काहीतरी विचारत होती, आणि गणराज मराठीत उत्तर देत होता. "हो, दिसते. खरंच दिसते. चल ना." मग पुन्हा तिचा बारीक, नाराज स्वर. पावले काही वाजेनात.

विरळ केस पोरीला एकदम दिसू नयेत म्हणून सुभद्राबाईंनी पदर डोक्यावर ओढला. तो नीट बसवला. मग तो तसाच धरून त्या थोडा वेळ थांबल्या, आणि त्यांनी तो खाली घेतला. दाराकडे बघत त्या बसून राहिल्या.